मुकुटबनच्या बेबीताईंची बिस्किटं

यवतमाळात राहून मी खोबऱ्याच्या बिस्किटांसाठी ओळखली जाईन, असं मला लग्नात कोणी सांगितलं असतं तर मी अंतरपाटाआडच हसले असते. आमच्याकडे पिकतं ते कापूस, तूर, सोयाबीन. नारळ येतो देवासमोर फोडायला आणि खोबरं येतं वाटणात, तेही मोजकंच.

आमची आधी बेकरी होती. पाव, टोस्ट, खारी. दिवाळीच्या आधी लोक घरून मैदा, साखर, डालडा घेऊन यायचे, आम्ही त्यांना बिस्किटं करून द्यायचो, आणि पत्र्याचे डबे घेतलेल्या बायाबापड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. पुढे आमच्या ह्यांचे गुडघे गेले, भट्टीसमोर उभं राहवेना, आणि आम्ही बेकरी दुसऱ्याला चालवायला दिली. मला मात्र घरात बसून करमेना. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत एक लहान ओव्हन घेतला आणि ओळखीपाळखीच्या ऑर्डरी घेऊ लागले.

पुण्याला नोकरी करणारी आमच्याच कॉलनीतली एक मुलगी सुट्टीत आली होती. मैत्रिणींसाठी बिस्किटं हवी होती तिला. म्हणाली, "काकू, व्हिगन पाहिजेत. आणि ग्लुटेन-फ्री."

मी म्हटलं, "म्हणजे काय काय घालायचं?"

"काय काय नाही घालायचं ते सांगते. दूध नाही, तूप नाही, लोणी नाही, अंडं नाही, मध नाही. मैदा नाही, गहू नाही, रवा नाही."

आमचे हे आतून म्हणाले, "मग डबाच दे तिला रिकामा."

पण मला ते लागून राहिलं. इतकी वर्षं बेकरीत काढली आणि एका पोरीला बिस्किट देता येत नाही म्हणजे काय! मी करायला बसले. पहिला घाणा ओव्हनमधून काढला आणि हात लावताच त्याचा भुगा झाला. दुसरा दगडासारखा. तिसरा बरा होता, पण खाल्ल्यावर घशात पीठ अडकल्यासारखं वाटायचं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गव्हाची कणीक घट्ट मळून पाण्यात धूत राहिलं, तर पांढरं पाणी निघून जातं आणि शेवटी हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो. तेच ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगतो तो त्याच्या जिवावर. ते काढून घेतलं की पीठ बिनकण्याचं होतं. वरून तूपही काढलं की खुसखुशीतपणा गेला. आता बिस्किटानं उभं राहायचं कशाच्या आधारावर?

उत्तर घरातच होतं. पीठ ज्वारीचं घेतलं, थोडं भाजून, म्हणजे कच्चटपणा जातो. खोबरं किसून मिक्सरमधून इतकं फिरवलं की त्याचंच तेल सुटावं, आणि मूठभर कीस तसाच ठेवला, दाताखाली यायला. गूळ थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घेतला, चिमूटभर सोडा घातला. आणि सगळं धरून ठेवायला जवस. आमच्याकडे जवसाची चटणी घराघरात असते, पण तिची पूड पाण्यात भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते आणि पिठाला बांधून ठेवते, हे मला ठाऊक नव्हतं. मंद आच ठेवायची, कडा तांबूस झाल्या की काढायची आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना ती मऊच असतात. घाई करणारा माणूस या कामाला नापास.

पुण्याची मुलगी खूश होऊन गेली. पण खरी गिऱ्हाइकं नंतर आली, आणि ती हौसेखातर आली नव्हती. काही माणसांच्या आतड्यांना गहू सहनच होत नाही. त्याला सिलियाक म्हणतात. थोडं गव्हाचं पीठ पोटात गेलं तरी आतडं आतून सोलवटतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. अशी माणसं आपल्या गावातही असतात हे मला माहीत नव्हतं. एका आईनं मला सांगितलं की बाहेरच्या चक्कीवर ज्वारी दळून आणली तरी तिचं लेकरू आजारी पडतं, कारण त्याच जात्यावर आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो. त्यानंतर मी घरघंटी घेतली आणि तिला आजवर गव्हाचा दाणा दाखवला नाही. घरातूनही गहू बंद केला. आमचे हे पोळी खायला चार घरं सोडून धाकट्या भावाकडे जातात. म्हणतात, "माझं माहेर झालं ते." आणि खरं सांगायचं तर भाजलेल्या पावाचा वास घरातून गेला, त्याची मलाही अजून चुटपुट लागते.

सगळीच गिऱ्हाइकं अशी गंभीर नसतात. एक निवृत्त मास्तर आहेत. 'हेल्दी' हा शब्द ऐकून येतात आणि साखर वाढली असतानाही एका बैठकीत अर्धा डबा संपवतात. मी त्यांना दर वेळी सांगते, "सर, गूळ ही साखरच आहे. मैद्यापेक्षा ज्वारी बरी, वनस्पती तुपापेक्षा खोबरं बरं. पण हे बिस्किटच आहे, औषध नाही." ते मान हलवतात आणि आणखी एक उचलतात.

पण मला सांगायचं आहे ते बेबीताईंचं.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, नऊवारी नाही, साधं गोल पातळ, उन्हानं रापलेला चेहरा, डोक्यावर पदर आणि हातात ज्वारीनं भरलेली पिशवी. मुकुटबनहून वणीला बस बदलून आल्या होत्या.

"तुम्हीच काय त्या बिस्किटवाल्या? मले शिकवा."

मी म्हटलं, "ताई, तयार घेऊन जा की. एवढ्या लांबून शिकायला कशाला?"

"इकत नाही नेत. माह्या हातची पाह्यजे."

"कोणासाठी?"

"सुनेसाठी."

मला बरं वाटलं. सुनेसाठी सासूनं कापूस वेचणी सोडून एवढा प्रवास करावा, हे रोज दिसत नाही. मी त्यांना आत घेतलं. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, पातळावर माझा धुतलेला एप्रन दिला. घरून येताना अंगावर कणीक आली असेल तर ती इथे नको, हे सांगितलं. त्यांनी काही न विचारता सगळं केलं. बहुतेक बायका इथे हसतात. त्या हसल्या नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांच्या हातून एकही बिस्किट धड झालं नाही. शेताचं, गोठ्याचं काम केलेला हात, तो जोर लावून मळायचा. मी सांगायचे, "हे मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं." थापताना कड फाटे, उचलताना तुटे. वैतागून त्या बोलून गेल्या, "मूठभर कणीक टाकली असती तं कसं बसलं असतं..."

आणि थांबल्या. परातीतले हात तसेच राहिले. मग डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, आणि पिठाचे हात म्हणून त्यांना ते पुसताही येईना.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांचा एकुलता मुलगा मंगेश. त्याची बायको प्रणाली, यवतमाळच्या लोहाऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हाच नाजूक होती. मग सारखं पोट बिघडायचं, वजन उतरायला लागलं, एकदा दिवस गेले तेही टिकले नाहीत. शेवटी मंगेशनं तिला नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी सिलियाक सांगितला. गहू जन्मभर बंद, आणि आतडी भरून येईपर्यंत काही महिने दूधही नको.

"मले खरंच नाही वाटलं ताई," बेबीताई म्हणाल्या. "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या पोळी खाल्ली. गव्हानं कोणी आजारी पडते, हे आयकलंच नव्हतं. गल्लीतल्या बाया म्हणे, शहरातली पोरगी हाय, नखरे करते. चहा नाही पीत, पोळी नाही खात, पाहुण्यात जेवाले बसत नाही. रोज रोज आयकून माह्या डोक्यात बसलं."

"मग?"

"मग मीनं तिच्या ज्वारीच्या पिठात कणीक मिसळली."

मी माझ्या पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

"मले तिले त्रास नव्हता द्याचा. शपथ घेऊन सांगते. मले फक्त पाहाचं होतं. म्हटलं, हिले समजणार नाही, काही होणार नाही, मंग मी सगळ्याले दाखवीन का नखरेच होते."

सून आजारी पडली. उलट्या, जुलाब, सलाइन. घरी आल्यावर अशक्त असतानाच ती चुलीपाशी बसली आणि स्वतःची भाकर थापायला घेतली. ज्वारीची भाकर थापताना कड फाटते, ती सारखी करत न्यावी लागते. त्या दिवशी कड फाटत नव्हती. प्रणालीनं पिठाचा गोळा हातात घेऊन ओढून पाहिला. तो ताणला गेला.

"माह्याकडं पाह्यलं तिनं," बेबीताई म्हणाल्या. "तवा उतरवला, चूल इझवली, पिशवी भरली अन् माहेरी निंघून गेली. मंगेशनं मले इचारलं. मी म्हटलं, चक्कीवाल्यानं गल्लत केली असन. आजपर्यंत तेच सांगून राह्यली हाय. त्याले पटलं नाही. तो दर रविवारी लोहाऱ्याले जाते अन् घरी आला का माह्यासंगं बोलत नाही."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. अशा किती आया माझ्याकडे येतात, डब्याच्या झाकणावरचं बारीक छापलेलं वाचतात, हिंगातही कणीक असते म्हणून हिंग सोडून देतात. आणि इथे एक बाई स्वतःच्या हातानं. मनात आलं, सांगावं यांना की जा घरी. पण समोर त्या परातीकडे बघत बसल्या होत्या, जणू परातच काहीतरी बोलणार होती. मी एवढंच म्हटलं, "चला, पुन्हा करू. या वेळी जोर लावू नका."

त्या त्यानंतर बऱ्याचदा आल्या. गुळाचं पाणी जास्त झालं की पीठ सैल होतं, कमी झालं की भेगा पडतात, हे त्यांना हातानं कळू लागलं. मी त्यांना सांगितलं की नुसतं बिस्किट शिकून भागणार नाही. लाकडी पोळपाटात, लाटण्यात पीठ शिरून बसतं, ते धुतलं तरी निघत नाही. जुना तवा, जुनी चाळणी नको. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, घरातला सगळा गहू नणंदेकडे पाठवला. नवी परात, नवा तवा, नवी चाळणी घेतली. घरघंटीही आणली.

"मंगेश काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. पण घंटी त्यानंच उतरवली गाडीवरून."

एक दिवस त्यांचा घाणा छान जमला. गोल, तांबूस कडांची, हातात घेतली तर न तुटणारी आणि तोंडात घातली की विरघळणारी. त्यांनी ती डब्यात भरली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही चाला ना संगं लोहाऱ्याले. मी एकटी गेलती एकदा. पोरीनं माह्या हातचं पाणीसुदिक नाही घेतलं."

मी दुसऱ्यांच्या घरच्या भानगडीत पडत नाही. आमच्या ह्यांनीही डोळ्यांनी नको म्हटलं. तरीही मी ऑटो बोलावला.

लोहाऱ्यात दार प्रणालीच्या आईनं उघडलं. बेबीताईंना पाहून तिचा चेहरा मिटला. पण माझ्यासारखी परकी बाई सोबत म्हणून आत बसवलं. प्रणाली बाहेर आली. सव्वीस-सत्तावीसची, बारीक अंगाची, पण गालांवर नुकती थोडी तकाकी आलेली. तिनं मला ओळखलं. ती स्वतः माझ्याकडून डबे नेऊ लागली होती; तीच ही प्रणाली, हे मला तेव्हा कळलं.

बेबीताईंनी डबा पुढे ठेवला. प्रणालीनं झाकण उघडलं, वास घेतला, आणि चेहरा एकदम सैलावला. "काकू, तुम्ही आणले? तुमचेच आहेत ना हे?"

तिनं विचारलं मला. मी हो म्हटलं असतं तर तिनं तिथेच एक उचलून खाल्लं असतं. सगळं गोड झालं असतं. बिस्किटं माझ्याच ओव्हनमधली, माझ्याच घरातल्या पिठाची, त्यात खोटं तरी किती होतं? माझी जीभ उचललीही गेली होती.

"नाही," बेबीताई म्हणाल्या. "मीनं केले."

प्रणालीनं हात मागे घेतला.

"अन् त्या भाकरीतली कणीक बी मीनंच टाकली होती. चक्कीवाल्याचं काही नव्हतं. मीनं, समजून उमजून, माह्या हातानं टाकली. तू मेली असती तं? हे मले तवा सुचलं नाही."

प्रणालीची आई ताडकन उठली. काय काय बोलली ते मी लिहीत नाही, कोणतीही आई बोलेल ते. बेबीताईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

आई थकून थांबली तेव्हा प्रणाली सासूकडे बघून बोलली, अगदी हळू. "मले माहीत होतं, आई. पण सगळे म्हणत, तुझा गैरसमज झाला. मंगेशबी एकदा म्हणाले, चक्कीतलं असू शकते. मग मलेच वाटायला लागलं का माहं डोस्कं फिरलं काय."

"नाही फिरलं. तू खरी होती."

प्रणालीनं डब्याचं झाकण लावलं. "आज नाही खाणार मी. मनात राग हाय म्हणून नाही. भीती वाटते. पोटातूनच वाटते."

"नको खाऊ," बेबीताई म्हणाल्या. "खावं म्हणून नाही आणले. आणले म्हणून आणले."

परतताना ऑटोत त्या रडल्या नाहीत. बसस्टँडवर उतरताना म्हणाल्या, "आता मंगेशले सांगते." आणि गेल्या. घरी जाऊन त्यांनी मुलासमोर तसंच, आडपडदा न ठेवता सांगितलं, हे मला नंतर कळलं. तो दोन दिवस जेवला नाही. मग जेवला.

थोड्या दिवसांनी प्रणालीचा फोन आला. "काकू, तुमच्या घरी आम्ही दोघी येऊ का? सासूबाईंना माझ्यासमोर करू द्या. मले पाहाचं हाय."

त्या दिवशी मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी होते. प्रणाली खुर्ची टाकून ओट्यासमोर बसली. बेबीताई प्रत्येक डबा उघडून आधी तिच्यापुढे धरत, तिनं पाहून, वास घेऊन, बोटानं चोळून मान हलवली की मगच परातीत टाकत. ज्वारीचं पीठ, खोबरं, जवसाची पूड. सोड्याच्या पुडीवरचं छापलेलं प्रणालीनं मोठ्यानं वाचलं. कोणी कोणाशी गोड बोलत नव्हतं. मी मध्ये पडले नाही.

मग प्रणालीनं परातीतला गोळा उचलला आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो लगेच तुटला. तिनं तुटलेले दोन्ही तुकडे बेबीताईंच्या हातावर ठेवले.

बिस्किटं गार झाल्यावर तिनं एक खाल्लं. एकच. मग वाट बघणं. या आजारात दुसरा उपाय नाही, पोट आपलं म्हणणं सावकाश सांगतं. बेबीताई त्या रात्री गावी न जाता आमच्याकडेच राहिल्या. सकाळी प्रणालीचा फोन आला, "काही नाही झालं." बेबीताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि परसात जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

प्रणाली लगेच नांदायला गेली नाही. आणखी काही महिने गेले. मंगेशनं आधी स्वयंपाकघर तिला दाखवलं, तिनं फळ्यांवरून हात फिरवून पाहिला, मगच ती नांदायला गेली. गेल्यावरही स्वतःचं पीठ स्वतः दळायची, स्वतःची भाजी स्वतः करायची. बेबीताईंनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. मला फोनवर सांगायच्या, "तिचं बरोबर हाय. मी तिच्या जागी असती तं मी आलीच नसती."

परवा प्रणालीचा फोन होता. दिवाळीची बिस्किटं आता त्या दोघी मुकुटबनातच करतात, सोडा किती घालायचा ते तिला विचारायचं होतं. विचारून झालं तरी तिनं फोन ठेवला नाही.

"काकू, परवा नात्यातला साखरपुडा झाला गावात. पंगतीत मी पोळी नाही घेतली, तं शेजारची मावशी सुरू झाली. एक घास खाल्ला तं काय होते वो, म्हणे, आमच्या काळात नव्हतं असं काही. अन् आई वाढता वाढता तिथंच थांबल्या. सगळ्या पंगतीसमोर म्हणाल्या, मीनं चारून पाह्यला हाय हिले गहू. चोरून. तुमच्याच बोलण्याले लागून. काय होते ते मले इचारा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मावशी खाली पाहून जेवू लागली. आई पुढं वाढत गेल्या. माह्याजवळ आल्या तवा त्यांच्या हातात वांग्याच्या भाजीचं पातेलं होतं. त्यांनी घरून वेगळी करून आणली होती, मले माहीत नव्हतं. त्या नेहमीसारख्या सांगायला लागल्या, काय काय टाकलं ते."

प्रणाली थांबली. मग म्हणाली, "मी म्हटलं, राहू द्या आई. वाढा."